गोखले अर्थशास्त्र संस्थेचे दर्शन आणि आपल्या ज्ञातीची मोजदाद

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात इंदिरानगर, नाशिक येथे दिलेले व्याख्यान. कार्यकारी मंडळाच्या सूचनेवरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांची जी सहल पुण्यास गेली होती तिचा वृत्तान्त सांगण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. सहलीचा वृत्तान्त म्हटला म्हणजे निघालो केव्हा, पोहोचलो केव्हा, चहा कोठे घेतला आणि परतताना गाडी कोठे अडली, एवढ्या गोष्टी श्रोत्यांस अपेक्षित असतात. त्या आम्ही दोन वाक्यांत उरकतो. इंदिरानगरच्या बोगद्यापासून पहाटे निघालो, सिन्नर ओलांडताना उजाडले, संगमनेरास प्रवरेच्या पुलावरून जाताना कोणीतरी पाण्यात नाणे टाकले आणि चाकणच्या वाहनांच्या गर्दीतून सुटून आम्ही पुण्यास पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. सायंकाळी त्याच वाटेने सुखरूप परत आलो. आता मुख्य विषयाकडे वळतो.

सहलीसाठी शिर्डी, वणी, महाबळेश्वर अशी स्थळे असताना अर्थशास्त्राची संस्था पाहावयास जाण्याची ही कोणती हौस, असा प्रश्न निघण्यापूर्वी आम्हांस विचारला गेला होता. प्रश्न रास्त होता. आम्ही पेशाने प्राथमिक शिक्षक. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपलीकडे आमची मजल गेली नाही आणि अर्थशास्त्राशी आमचा संबंध महिन्याच्या किराणा मालाच्या यादीपुरताच. परंतु ज्या संस्थेस आम्ही भेट दिली तिचे धागेदोरे आपल्या नाशिक जिल्ह्यात इतके गुंतलेले आहेत की, तिला परकी म्हणणे हे आपल्या अज्ञानाचे लक्षण ठरावे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी आपल्या निफाडास झाला. या देशाच्या दारिद्र्याचा विचार इंग्रजी पुस्तकांतील सिद्धान्तांवरून न करता येथील परिस्थिती पाहून केला पाहिजे, असे आग्रहाने सांगणाऱ्यांत ते अग्रेसर होते. त्यांच्या हाताखाली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे काम केले, सभेचे त्रैमासिक चालविले आणि आकडे वाचण्याची विद्या संपादन केली. १९०१ च्या जानेवारीत रानडे निवर्तले. त्याच वर्षी १० एप्रिल रोजी या नाशिक नगरीत धनंजय रामचंद्र गाडगीळ जन्मास आले. गोखल्यांच्या नावाने निघालेल्या संस्थेचे पहिले संचालक होऊन छत्तीस वर्षे तिचा भार वाहणारे ते हेच गाडगीळ. आपल्या शहरात त्यांचे नाव किती जणांस ठाऊक आहे, हे आपण आपल्या मनाशीच विचारावे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. नाशकात 'गोखले' म्हटले की, आपल्या डोळ्यांपुढे प्राचार्य त्र्यं. अ. कुलकर्णी यांनी १९१८ साली स्थापिलेली गोखले एज्युकेशन सोसायटी व तिची महाविद्यालये येतात. आमच्यापैकी एका गृहस्थाने तर गाडीत बसल्यावर, तेथे जावयाचे तर पुण्यापर्यंत कशाला, असे विचारले. या दोन संस्था निरनिराळ्या आहेत. आदर मात्र एकाच पुरुषाविषयीचा आहे.

या पुरुषाविषयी आम्हां शिक्षकांस विशेष जिव्हाळा वाटतो, त्याचे कारण सांगतो. गोखले हे देशभक्त खरे, गांधीजींनी गुरुस्थानी मानलेले हेही खरे. परंतु त्यापूर्वी ते शिक्षक होते. आरंभी न्यू इंग्लिश स्कूल व पुढे फर्ग्युसन कॉलेज यांत त्यांनी १९०२ पर्यंत अध्यापन केले. त्यांनी रचलेले अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून शिकविले जात असे. शाळेत गणित शिकविणारा मनुष्य कायदेमंडळात गेला म्हणजे काय घडते, हे १९०२ च्या अंदाजपत्रकावरील त्यांच्या भाषणाने दाखवून दिले. तिजोरीत शिल्लक पडते याचा सरकारला अभिमान होता. देशात दुष्काळ व प्लेग यांनी माणसे मरत असताना ही शिल्लक सुबत्तेची नसून वाजवीपेक्षा जास्त घेतलेल्या कराची आहे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून सिद्ध केले. पुढे १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थांनी ठरविल्यास त्यांच्या क्षेत्रात सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांना शाळेत घालणे सक्तीचे करता यावे, एवढीच ती माफक मागणी होती. १९१२ च्या मार्चमध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी गोखले गेले. सहा ते चौदा वयाच्या सर्व मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशाने २००९ साली केला, म्हणजे मध्ये जवळजवळ एक शतक लोटले. या शतकात शाळेबाहेर राहिलेल्या मुलांत आपल्या ज्ञातीची किती होती, याचा हिशेब कोणाजवळ आहे? हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवतो. त्याकडे पुन्हा यावयाचेच आहे.

संस्था डेक्कन जिमखान्यावर, बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाच्या रस्त्यास, टेकडीच्या पायथ्याशी आहे. गोखल्यांनी १९०५ साली स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे हे आवार. ६ जून १९३० रोजी येथे गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. तिला मूळ देणगी दिली ती साताऱ्याचे वकील रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांनी. हे सांगताना आमच्या मनात एक विचार आला, तो बोलून दाखवितो. त्या काळी ज्यांच्याजवळ चार पैसे होते ते देवालय बांधीत, घाट बांधीत, धर्मशाळा बांधीत. फार तर आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी वसतिगृह काढीत. यांपैकी काहीच त्याज्य नाही; वसतिगृहे नसती तर आपल्यातील कित्येक जण नाशकात शिकूच शकले नसते. परंतु लोकांची स्थिती खरोखर कशी आहे याचा शोध घ्यावा, एवढ्याच हेतूने द्रव्य देणारा मनुष्य विरळा. शोधावर दात्याचे नाव कोरता येत नाही. संस्थेने मात्र ते विस्मृतीत जाऊ दिले नाही. तेथे काळे सभागृह आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ व्याख्यानेही होत आली आहेत. २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पुण्याच्या गोखले हॉलमध्ये संस्थेच्या वार्षिक समारंभात संघराज्य आणि स्वातंत्र्य या विषयावर भाषण केले, ते याच मालेतील. नेमस्तांच्या परंपरेतील संस्थेने बाबासाहेबांसारख्या निर्भीड टीकाकारास पाचारण करावे आणि त्यांनी विद्वानासारखे साधार भाषण करावे, ही त्या काळच्या सार्वजनिक जीवनाची उंची होती.

आवारात एक विशाल वटवृक्ष आहे. त्याच्या छायेत गोखले व गांधीजी यांचे बोलणे होत असे, असे सांगतात. आमच्या मंडळींनी तेथे पुष्कळ वेळ घालविला. कोणी पारंबीस हात लावून नमस्कार केला आणि मोबाईलवर छायाचित्रे तर इतकी निघाली की, वृक्षासही संकोच वाटला असेल. आम्हांस ओढ होती ती ग्रंथालयाची. गोखल्यांच्या स्वतःच्या ग्रंथसंग्रहापासून वाढत आलेले आणि आता धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने ओळखले जाणारे हे ग्रंथालय अडीच लाखांच्या वर ग्रंथांचे आहे. आम्ही आगाऊ पत्र पाठवून तीन जुने अहवाल पाहावयास मागितले होते. तेथील सेवकवर्गाने ते मेजावर काढून ठेवले आणि पाने जपून उलटावीत एवढीच सूचना केली. तिन्ही इंग्रजीत आणि आमचे इंग्रजी शाळेपुरते. परंतु कोष्टक वाचावयास फार इंग्रजी लागत नाही.

पहिला अहवाल होता गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांविषयीचा, स्वतः गाडगिळांचा, १९४८ साली प्रसिद्ध झालेला. गोदावरीचे कालवे आपल्या नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघतात आणि त्यांस दारणा धरणाचे पाणी मिळते, हे येथे बसलेल्या बहुतेकांस ठाऊक आहे. सरकारी दफ्तरी कालव्याचा हिशेब पाणीपट्टीवरून होई: इतका खर्च, इतकी वसुली, सबब फायदा किंवा तोटा. गाडगिळांनी प्रश्नच निराळा विचारला. पाणी आल्याने शेतकऱ्याच्या, मजुराच्या, गाडीवानाच्या, बाजारपेठेच्या जीवनात काय पालटले? प्रत्यक्ष लाभ किती व अप्रत्यक्ष किती? तो लाभ तोलल्यावाचून कालवा तोट्यात आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही. आणि हा विद्वान अहवाल लिहून स्वस्थ बसला नाही. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारण्याचे मनावर घेतले तेव्हा गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि प्रारंभीच्या वर्षांत प्रवरा कारखान्याचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. ज्याने त्या खोऱ्याचे पाणी मोजले तोच तेथील शेतकऱ्यांच्या कारखान्याचा अध्यक्ष झाला. संगमनेरच्या पुलावरून नाणे टाकणाऱ्या आमच्या स्नेह्यास परतीच्या वाटेवर आम्ही हे सांगितले, तेव्हा त्यांनी दुसरे नाणे काढले. श्रद्धेपुढे इलाज नाही.

दुसरा अहवाल नाशिक, कुलाबा व उत्तर सातारा या जिल्ह्यांतील जननप्रमाणाच्या पाहणीचा, ना. वि. सोवनी व कुमुदिनी दांडेकर यांचा, १९५५ सालचा. नाशिक जिल्ह्यातील घराघरांतून त्या काळी मुले किती झाली आणि जगली किती, असले प्रश्न विचारले गेले. आपल्या आजीस किंवा पणजीसही कोणी विचारले असेल. मेलेल्या मुलांची संख्या सांगताना त्या माउलींस काय वाटले असेल, हे कोष्टकात येत नाही. परंतु विचारणाऱ्याने धीर केला नसता तर ती मुले कोठेच नोंदली गेली नसती. आमच्याबरोबरच्या एका वृद्ध भगिनींनी ते पान बराच वेळ उघडे ठेवले होते.

तिसरा अहवाल, ज्यासाठी आम्ही मुख्यतः गेलो होतो, तो वि. म. दांडेकर यांचा, तोही १९५५ चाच: सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणातील गळती आणि स्थगिती यांच्या चौकशीचा. हे दोन शब्द शिक्षकाच्या कानांस परिचित आहेत. मूल शाळेत आले आणि चौथी पुरी न करताच गेले, ती गळती. मूल आले, राहिले, पण वर्षानुवर्षे एकाच इयत्तेत बसले, ती स्थगिती. दोहोंचे फळ एकच: सरकारचा पैसा खर्च झाला, बापाने अर्धपोटी राहून पाटी घेऊन दिली आणि मूल अखेरीस निरक्षरच राहिले. शाळेत किती मुले दाखल झाली हा आकडा सर्वांस प्रिय असतो, कारण तो मोठा असतो. त्यांतील किती मुले दुसऱ्या टोकास पोहोचली, हे विचारणे कोणास रुचत नाही. दांडेकरांनी तेच विचारले. गोखल्यांचे विधेयक मुलांस शाळेच्या दारात आणण्याचे होते. त्यांच्या नावाच्या संस्थेने, दारातून आत गेलेल्यांचे पुढे काय झाले, हे पाहिले.

याच दांडेकरांचे नाव पुढे देशभर झाले ते नीलकंठ रथ यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या भारतातील दारिद्र्यावरील प्रबंधामुळे. १९७१ च्या जानेवारीत तो प्रसिद्ध झाला. माणसास दिवसास २२५० उष्मांकाचे अन्न मिळण्याइतपत जगावयाचे तर किती खर्च येतो, हे त्यांनी काढले. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी वर्षास १८० रुपये आणि शहरात २७०, अशी ती रेषा पडली. खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली आढळले. खेड्यात माणशी महिन्यास १५ रुपये! तेही ज्यास मिळत नव्हते अशांची ही संख्या. पुढे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी उष्मांकाच्या या मापाविषयी मतभेद दाखविला आणि पुण्याच्या या दोन विद्वानांत मोठा वाद झाला. त्या वादात शिरण्याची आमची योग्यता नाही. परंतु वाद झाला तो आकडा होता म्हणून. 'लोक गरीब आहेत हो' असे हळहळून बोलण्यावर वाद होत नाही आणि त्यावर उपायही होत नाही.

सभ्य गृहस्थहो, येथपर्यंत सहलीचा वृत्तान्त झाला. आता त्या मेजावर बसल्या-बसल्या जे आमच्या मनात आले ते सांगतो आणि ते आपल्या मंडळाविषयीचे आहे.

आपली स्मरणिका प्रतिवर्षी निघते. तीत गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात, पदवीधरांची नावे असतात, परदेशी गेलेल्यांचे अभिनंदन असते, सभासदांची सूची असते. हे सर्व असावे. परंतु त्यावरून आपली ज्ञाती कशी आहे हे कळते काय? दांडेकर हे संख्याशास्त्रज्ञ. महालनोबिसांच्या हाताखाली त्यांनी काम केलेले. सर्वांस विचारणे शक्य नसेल तर थोड्यांस विचारून सर्वांविषयी सांगता येते, मात्र कोणास विचारावयाचे हे आपल्या सोयीने ठरवावयाचे नाही, असे हे शास्त्र सांगते. भात शिजला की नाही हे शितावरून कळते, पण ते शीत वरचेच उचलून चालत नाही. तळ करपलेला असू शकतो. आपली सूची म्हणजे वर्गणी भरणाऱ्यांची सूची. आपला मेळावा म्हणजे ज्यांच्याजवळ रविवारची सुटी आहे, येण्याजाण्याचे भाडे आहे आणि चारचौघांत बसण्याजोगे लुगडे आहे, अशांचा मेळावा. हे सगळे वरचे शीत आहे.

एक उदाहरण देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी निफाड तालुक्यात आम्ही शिकवीत असताना एक मुलगी आमच्या वर्गात होती. आपल्याच ज्ञातीची. तोंडी हिशेबात तिचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. पावकी-निमकी तिला येत असे, जी त्या वेळी अभ्यासक्रमातही नव्हती. तिच्या आज्याने शिकविली होती. चौथीच्या वर्षी द्राक्षाच्या हंगामात तिची आई कामास जाऊ लागली, घरी तान्हे मूल होते, मुलगी येईनाशी झाली. आम्ही दोनदा घरी जाऊन आलो. आईने पाणी दिले, पाटावर बसविले आणि विचारले, 'गुरुजी, हिला शाळेत धाडते, पण ह्या लेकराला कुठं ठेवू?' त्या प्रश्नाचे उत्तर त्या गावात कोणापाशी नव्हते. अलीकडे अंबडच्या एका बसथांब्यावर एका प्रौढ बाईने आम्हांस ओळखून नमस्कार केला. तीच ती. कारखान्यात कंत्राटाने साफसफाईचे काम करते. म्हणाली, 'गुरुजी, पगारात किती कापले ते मी बायांना तोंडी सांगते. पाढे अजून पाठ आहेत.' मुलगा काय करतो असे विचारले, तर नववीतून शाळा सोडून गाडी धुण्याच्या कामावर जातो. मेळाव्यास का येत नाहीस, असे आम्ही म्हणालो. त्यावर ती नुसती हसली आणि तिची बस आली.

ही बाई आपल्या कोणत्याही स्मरणिकेत नाही. तिचा मुलगाही नाही. आणि तो एकटा आहे की त्याच्यासारखे दहा आहेत की शंभर, हे या सभागृहात कोणीही सांगू शकणार नाही, अध्यक्षमहाराजही नाही.

कोणी म्हणतील, आता सरकारच जातींची मोजणी करणार आहे, आपण कशास श्रमावे? गोष्ट खरी आहे. १९३१ नंतर सर्व जातींची तपशीलवार कोष्टके जनगणनेत प्रसिद्ध झाली नाहीत. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली आणि १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी धरून व्हावयाच्या जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय २०२५ साली झाला. त्यातून आपली डोकी किती हे कळेल आणि ते कळलेच पाहिजे. परंतु संख्येचा उपयोग हक्क मागण्यास होतो. घरातील कोणते मूल कोणत्या वर्षी कशामुळे शाळेतून गळाले आणि ते परत येण्यास काय लागेल, हे सरकारी प्रगणक विचारीत नाही. ते शेजाऱ्यानेच विचारावयाचे असते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे आणि तो कार्यकारी मंडळाच्या बैठकीत स्पष्ट बोलला गेला, म्हणून येथे त्याचा उल्लेख करतो. आपली उणी बाजू चव्हाट्यावर मांडली तर इतर ज्ञातींत आपली किंमत काय राहील, मुलामुलींच्या सोयरिकींवर काय परिणाम होईल? या भीतीस आम्ही हसत नाही. जनगणनेत सांगितलेली व्यक्तिगत माहिती गुप्त राखण्याची तरतूद १९४८ च्या कायद्यात आहे, ती याच भीतीसाठी. आपणही तसेच करावे. कोणाचे नाव छापावयाचे नाही; भरलेले अर्ज दोघांच्याच स्वाधीन राहतील आणि छापावयाची ती केवळ एकूण संख्या. परंतु संख्याही छापू नये असे कोणी म्हणेल, तर त्यास आमची संमती नाही. ज्या आवारात आम्ही तो दिवस घालविला तेथे ९० वर्षांहून अधिक काळ लोकांची उणी बाजूच मोजली गेली. कोणत्या गावाची अथवा जिल्ह्याची त्यामुळे बेअब्रू झाल्याचे ऐकिवात नाही.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट शिक्षक या नात्याने सांगितली पाहिजे. स्थगिती हा शब्द आज कोणी उच्चारीत नाही. २०१० पासून आठवीपर्यंत कोणास नापास करावयाचे नाही असे ठरले. पुढे २०१९ मध्ये कायदा दुरुस्त होऊन पाचवी व आठवीच्या वर्षी पुनर्विचारास वाव ठेवला गेला. हेतू चांगला होता. एकाच इयत्तेत दोन-तीन वर्षे बसलेले मूल शेवटी शाळा सोडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु त्यायोगे स्थगिती कागदावरून गेली. मुलाच्या मनातून गेली असे नव्हे. सातवीत बसलेल्या मुलास चौथीचा धडा वाचता येत नाही, अशी उदाहरणे प्रत्येक शाळेत आहेत. म्हणून 'मुलगा कितवीत आहे?' एवढ्याच प्रश्नावर आपण समाधान मानता कामा नये. त्यास एक परिच्छेद वाचावयास द्यावा आणि एक भागाकार घालावा. आपल्या नात्याच्या घरी जाऊन मुलाची परीक्षा घेणे प्रशस्त दिसत नाही, हे आम्ही जाणतो. ज्यांस संकोच वाटतो त्यांनी ते काम आम्हां निवृत्त शिक्षकांवर सोपवावे. आम्हांस त्याची सवय आहे.

आता राहिला द्रव्याचा प्रश्न. मंडळाच्या शिक्षणनिधीचे व्याज आजवर अधिक गुण मिळविणाऱ्यांच्या सत्काराकडे जाते. त्यातील निम्मे व्याज शाळा सोडलेल्यांस परत पाठविण्यासाठी राखावे, असा ठराव पुढील सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. त्याच्या बाजूने व विरुद्ध पुष्कळ बोलणे झाले आहे. आमचे मत आपण ओळखले असेलच. तरीही त्यावर आज हात वर करण्याची घाई कोणी करू नये, असे आम्ही म्हणतो. गळालेली मुले पाच आहेत की पाचशे, त्यांस फी हवी आहे की तान्ह्या भावंडास सांभाळणारे कोणी हवे आहे, हे कळल्यावाचून निम्मे द्यावे की सगळे द्यावे की काहीच देऊ नये, यावर वाद घालणे म्हणजे पाणी न मोजता कालव्याचा फायदा-तोटा ठरविण्यासारखे आहे.

योजना अशी केली आहे. सूचीवर विसंबावयाचे नाही. इंदिरानगर, वडाळा, पाथर्डी फाटा आणि सातपूर-अंबडकडील कामगार वस्त्या असे चार भाग केले आहेत. प्रत्येक भागात घरोघर विचारीत जावयाचे आणि एका घराने आपल्या ज्ञातीचे दुसरे घर सांगितले की, तेही लिहून घ्यावयाचे, मग ते सभासद असो वा नसो. वर्गणीचा विषय त्या दिवशी कोणी काढावयाचा नाही. अर्जात प्रश्न थोडेच आहेत: घरात सहा ते अठरा वर्षांची मुले किती, शाळेत जाणारी किती, सोडली असल्यास कोणत्या इयत्तेत व कोणत्या महिन्यात, त्या वेळी घरात काय घडले होते, आता ते मूल काय करते आणि परत जावयाचे झाल्यास अडचण कोणती. महिन्याचा प्रश्न अनेकांस विचित्र वाटला. तो मुद्दाम घातला आहे; द्राक्षाच्या, कांद्याच्या, उसाच्या हंगामाशी मुलांच्या गळतीचा संबंध आहे की नाही, हे महिन्यावरूनच कळेल.

प्रत्येक भागास सहा जण लागतील. त्यांत निदान दोन भगिनी असाव्यात, कारण दुपारच्या वेळी घरात बायका असतात आणि खरे उत्तर त्यांच्याजवळ असते. अर्ज छापून आले आहेत व दाराजवळच्या मेजावर ठेवले आहेत. ज्यांस यावयाचे आहे त्यांनी जाताना आपले नाव व भाग तेथील वहीत लिहावा. पहिली फेरी पुढल्या रविवारी सकाळी नऊ वाजता पाथर्डी फाट्यावरून निघेल. शिसपेन आपापली आणावी. शाईने लिहिलेले खोडावे लागले की समोरचा माणूस बोलावयाचा थांबतो.